ठिणगीला वेसण घालणारा संशोधक : निकोला टेस्ला

वर्धा जिल्ह्यातील देवळी तालुक्यात, पुलगावला लागून वसलेले नाचणगाव हे जुने गाव. मृग नक्षत्र लागले की येथील काळ्या मातीच्या शिवारांवर विजांचा खेळ सुरू होतो. विदर्भातील अशा कोणत्याही गावात डीपीच्या खांबावरचा खटका लाइनमनने ओढला, की शिंगांसारख्या वाकलेल्या दोन सळयांमध्ये कधी कधी निळसर जाळ उमटतो, वर चढत जातो, ताणला जातो आणि विझतो. त्याच डीपीवरून वीज घेणारी विहिरीवरची थ्री फेज मोटार मात्र आत एकही ठिणगी न पाडता वर्षानुवर्षे फिरत राहते. एका ठिकाणी ठिणगी अटळ, तर दुसऱ्या ठिकाणी ती हद्दपार. विजेच्या इतिहासात या दोन्ही टोकांवर काम केलेला एक माणूस होऊन गेला. त्याने प्रथम मोटारीतून ठिणगी काढून टाकली आणि त्यानंतर उमेदीची जवळजवळ दहा वर्षे त्याच ठिणगीला कामाला जुंपण्यासाठी वेचली. त्याचे नाव निकोला टेस्ला.

टेस्ला यांच्याविषयी दंतकथा पुष्कळ आहेत. सर्वांना मोफत वीज, मृत्युकिरण, कृत्रिम भूकंप अशा गोष्टी त्यांच्या नावावर सांगितल्या जातात. या दंतकथांच्या धुक्यात त्यांचे एक अस्सल काम झाकले जाते. उच्च दाबाची वीज साठवून ती क्षणार्धात सोडायची असेल, तर मध्ये एक स्विच लागतो आणि तो बहुधा वायूत पडणाऱ्या ठिणगीचाच असतो. हा स्विच अधिक वेगवान आणि अधिक भरवशाचा कसा करावा, हा प्रश्न १८९०च्या दशकात टेस्ला यांनी विलक्षण चिकाटीने हाताळला. त्यांच्या यशाची आणि अपयशाचीही कथा या ठिणगीभोवतीच फिरते.

मांजराच्या पाठीवरची वीज

निकोला टेस्ला यांचा जन्म १० जुलै १८५६ रोजी स्मिलियान या खेड्यात झाला. हे खेडे तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होते. आज ते क्रोएशियात आहे. कुटुंब सर्बियन वंशाचे. वडील मिलुतिन हे ऑर्थोडॉक्स पंथाचे धर्मगुरू. आई जुका हिला लिहिता-वाचता येत नव्हते. परंतु घरकामासाठी लागणारी लहानसहान अवजारे ती स्वतः तयार करी आणि लांबलचक लोककाव्ये तिला मुखोद्गत होती. आपल्या अंगची कल्पकता आणि स्मरणशक्ती आईकडून आली, असे टेस्ला पुढे आवर्जून नमूद करीत. थोरला भाऊ दाने हा अत्यंत हुशार मानला जाई. घोड्याच्या अपघातात त्याचा बालपणीच मृत्यू झाला आणि त्या घटनेची छाया या घरावर दीर्घकाळ राहिली.

विजेशी निकोलाची पहिली भेट झाली ती मांजराच्या पाठीवर. हिवाळ्यातील एका कोरड्या संध्याकाळी लाडक्या मांजराच्या पाठीवरून हात फिरवताना तडतड आवाज करीत ठिणग्या उडाल्या. आकाशात चमकते तीच ही वीज, असे वडिलांनी समजावले. ही आठवण टेस्ला यांनी उतारवयात लिहून ठेवली आहे. आई मात्र घराला आग लागेल म्हणून घाबरली होती. कुतूहल आणि धास्ती ही ठिणगीची दोन्ही रूपे त्या संध्याकाळी घरात एकत्र आली होती.

मुलाने धर्मगुरू व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. १८७३ मध्ये निकोलाला पटकीने गाठले आणि तो कित्येक महिने अंथरुणाला खिळला. तो बरा झाला तर अभियांत्रिकी शिकू देऊ, असे वडिलांनी कबूल केले. मुलगा बरा झाला आणि १८७५ मध्ये ग्राझ येथील तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाला.

वर्गातील यंत्र आणि एक अशक्य कल्पना

ग्राझमध्ये दुसऱ्या वर्षी पॅरिसहून ग्राम या संशोधकाचे डायनॅमो यंत्र आले. ते विद्युतजनित्र म्हणूनही चाले आणि मोटार म्हणूनही. प्राध्यापक याकोब पोशल ते चालवून दाखवत असताना यंत्राच्या दिक्परिवर्तकावर, म्हणजे ब्रश घासतात त्या भागावर, ठिणग्यांचा वर्षाव होत होता. या ठिणग्यांमुळे वीज वाया जात होती आणि तांबे झिजत होते. हा भागच काढून टाकता येणार नाही का, असा विचार तरुण टेस्ला यांनी बोलून दाखवला. प्राध्यापकांनी त्या कल्पनेचे खंडन करण्यासाठी जवळजवळ संपूर्ण व्याख्यान खर्ची घातले. अशी मोटार बनणे अशक्य आहे, हा त्यांचा निष्कर्ष होता.

टेस्ला यांनी ग्राझ सोडले ते पदवी न घेताच. १८७९ मध्ये वडिलांचे निधन झाले. काही काळ प्रागमध्ये काढून १८८१ मध्ये ते बुडापेस्टच्या टेलिफोन केंद्रात नोकरीस लागले. तेथेच १८८२ मध्ये एका मित्रासोबत बागेत फिरताना फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना त्यांना सुचली, असे त्यांनी आत्मकथनात सांगितले आहे. एकमेकांच्या मागेपुढे चालणारे प्रत्यावर्ती प्रवाह वेगवेगळ्या वेटोळ्यांतून सोडले, तर चुंबकीय क्षेत्रच गोल फिरू लागते आणि आतील लोखंडी भागाला ओढून नेते. तेथे ब्रश लागत नाही, दिक्परिवर्तक लागत नाही आणि म्हणून ठिणगीही पडत नाही. विहिरीवरची थ्री फेज मोटार आजही याच तत्त्वावर चालते.

जून १८८४ मध्ये टेस्ला न्यूयॉर्कला पोचले. थॉमस एडिसन यांच्या कारखान्यात त्यांनी काही महिने काम केले. परंतु एडिसन यांचा सारा व्यवसाय एकदिश प्रवाहावर उभा होता. दोघांचे मार्ग लवकरच वेगळे झाले. स्वतःच्या नावाने निघालेली पहिली कंपनी भागीदारांनी हातून काढून घेतली आणि १८८६-८७च्या हिवाळ्यात या अभियंत्यावर खड्डे खणण्याची मजुरी करण्याची वेळ आली. १८८७ मध्ये दोन गुंतवणूकदारांच्या पाठबळावर त्यांना प्रयोगशाळा मिळाली. १६ मे १८८८ रोजी अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्यांनी आपली मोटार मांडली. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी तिचे हक्क घेतले आणि प्रत्यावर्ती प्रवाहाचा विजय दृष्टिपथात आला. पोशल यांनी अशक्य ठरवलेली मोटार बाजारात आली.

ठिणगीकडे परत

१८८९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने टेस्ला युरोपात गेले असता हाइनरिश हर्ट्झ यांच्या प्रयोगांची माहिती त्यांना मिळाली. दोन धातूगोळ्यांच्या मधल्या फटीत ठिणगी पाडून हर्ट्झ यांनी विद्युतचुंबकीय लहरी निर्माण केल्या होत्या. टेस्ला यांना उच्च कंप्रतेच्या प्रवाहांचे वेध लागले. प्रथम त्यांनी त्यासाठी शेकडो ध्रुवांची जनित्रे बनवली. त्यांतून सेकंदाला सुमारे १० हजार आवर्तने मिळू लागली. मात्र फिरत्या यंत्राच्या वेगाला मर्यादा असते. त्यापलीकडे जायचे तर यंत्राऐवजी दुसरे काही तरी हवे होते. ते होते धारित्र, म्हणजे वीज साठवणारा कपॅसिटर, आणि त्याच्या वाटेत ठेवलेली ठिणगीची फट, म्हणजेच स्पार्क गॅप.

ही रचना दिसायला सोपी आहे. रोहित्राने धारित्र भरत जाते. त्यावरचा दाब एका मर्यादेपर्यंत चढला, की फटीतील हवा फुटते आणि ठिणगीच्या वाटेने साठलेली सारी वीज जाड तारेच्या मोजक्या वेढ्यांतून धावते. धारित्र आणि वेटोळे यांच्यामध्ये ती सेकंदाला लाखो वेळा मागेपुढे हेलकावे खाते. शेजारच्या बारीक तारेच्या उंच वेटोळ्याचा सूर तिच्याशी जुळवला, तर त्याच्या टोकाशी लाखो व्होल्टचा दाब निर्माण होतो. हेच टेस्ला कॉइल. २३ जून १८९१ रोजी मिळालेल्या विद्युत प्रकाशयोजनेच्या पेटंटमध्ये ही रचना आढळते. त्याच वर्षी ते अमेरिकेचे नागरिक झाले.

या साऱ्या रचनेत स्विचचे काम करते ती ठिणगी. विहिरीचे पाणी टाकीत हळूहळू भरावे आणि मग टाकीचे दार एकदम उघडावे, तसे हे आहे. १०० वॅटचा दिवा एका सेकंदात जेवढी ऊर्जा खातो, तेवढीच ऊर्जा एका सेकंदाच्या १० लाखाव्या भागात सोडली, तर त्या क्षणापुरती शक्ती १० कोटी वॅट होते. ऊर्जा तेवढीच, फक्त वेळ आकसलेला. ज्याला आज स्पंदशक्तीचे तंत्र किंवा पल्स्ड पॉवर म्हणतात, त्याचे सार एवढेच आहे आणि त्याचे यश दार किती झटकन उघडते यावर अवलंबून आहे.

न विझणारी ठिणगी

हवा ही एरवी उत्तम निरोधक आहे. सामान्य दाबाच्या कोरड्या हवेत एक सेंटिमीटर फटीसाठी सुमारे ३० हजार व्होल्ट दाब लागतो, तेव्हा कोठे ती फुटते. ती फुटते कशी, याचे स्पष्टीकरण जॉन टाउनसेंड यांनी १९००च्या सुमारास मांडले. हवेतील एखादा मुक्त इलेक्ट्रॉन विद्युतक्षेत्रात वेग घेतो, वायूच्या रेणूवर आदळून आणखी एक इलेक्ट्रॉन सोडवतो, दोनाचे चार, चाराचे आठ होतात आणि पाहता पाहता हिमस्खलनासारखा लोंढा तयार होतो. त्याआधी १८८९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी दाखवून दिले होते, की वायू कोणत्या दाबाला फुटणार हे वायूचा दाब आणि फटीची लांबी यांच्या गुणाकारावरून ठरते. म्हणजे फट न वाढवता वायूचा दाब वाढवूनही स्विचची ताकद वाढवता येते. या एका नियमावर पुढील शतकातील कित्येक स्विच उभे राहिले.

टेस्ला यांच्यापुढची खरी अडचण वेगळी होती. ठिणगी पडणे सोपे, विझणे अवघड. एकदा फटीतील हवा तापून आयनीभूत झाली, की ती वाहकच होऊन बसते. मग ठिणगीची प्रज्योत होते आणि ती तेवत राहते. तसे झाले की रोहित्राचा प्रवाह त्या प्रज्योतीतून सरळ वाहून जातो, धारित्र पुन्हा भरत नाही आणि उंच वेटोळ्यात गेलेली ऊर्जाही उलट वाटेने परत येते. चांगल्या स्विचने तीन गोष्टी केल्या पाहिजेत. मिटलेला असताना थेंबभरही वीज गळू देता कामा नये, उघडताच संपूर्ण वाट मोकळी केली पाहिजे आणि काम संपताच क्षणात पुन्हा मिटले पाहिजे. या तीन अटी एकमेकींच्या विरोधात जातात. म्हणूनच हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे संशोधकांना पुरला आहे.

टेस्ला यांनी त्यावर एकामागून एक उपाय शोधले. १८९२ मध्ये लंडन आणि पॅरिस येथे, तर १८९३ मध्ये फिलाडेल्फिया आणि सेंट लुई येथे दिलेल्या व्याख्यानांतून त्यांनी आपले प्रयोग जगापुढे ठेवले. फटीच्या दोन्ही बाजूंना प्रबळ विद्युतचुंबक बसवला, तर प्रज्योत बाजूला ढकलली जाऊन तुटते. फटीवर हवेचा जोरदार झोत सोडला, तर तापलेले आयन उडून जातात आणि ताजी, थंड हवा त्यांची जागा घेते. एका मोठ्या फटीऐवजी एकापुढे एक अशा अनेक लहान फटी ठेवल्या, तर प्रत्येक ठिकाणी थोडीच उष्णता निर्माण होते आणि भोवतालचा धातू ती शोषून घेतो. फिरत्या चाकावर धातूचे दाते बसवले, तर दाता जवळ येताच ठिणगी पडते आणि दूर जाताच फट आपोआप रुंदावून ती तुटते. १८९८ मध्ये त्यांना मंडल नियंत्रकांची अनेक पेटंट मिळाली. त्यांत बंद भांड्यात पाऱ्याची धार खेळवून मंडल जोडणे-तोडणे आणि त्या भांड्यात निष्क्रिय वायू भरणे अशा युक्त्या होत्या.

याच काळात कोलकात्यात जगदीशचंद्र बोस याच ठिणगीशी झुंजत होते, हे भारतीय वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ठिणगीने धातूचे गोळे खरबरीत होतात आणि मग लहरी अनियमित निघतात, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी प्लॅटिनमचे पृष्ठ वापरून ही झीज आटोक्यात आणली. विद्युत अग्रांची झीज हा या स्विचचा आजही न संपलेला शत्रू आहे.

आग, धबधबा आणि एक संन्यासी

१३ मार्च १८९५ रोजी पहाटे न्यूयॉर्कमधील टेस्ला यांची प्रयोगशाळा आगीत भस्मसात झाली. उपकरणे, टिपणे, नमुने काहीही उरले नाही. वयाच्या ३८व्या वर्षी त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. ती त्यांनी काही महिन्यांतच दुसऱ्या जागेत केली. नोव्हेंबर १८९६ मध्ये नायगरा धबधब्यावर निर्माण झालेली प्रत्यावर्ती वीज सुमारे २६ मैलांवरील बफेलो शहरात पोचली आणि त्यांच्या बहुकला प्रवाहपद्धतीवर शिक्कामोर्तब झाले.

त्याच वर्षी, फेब्रुवारी १८९६ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये त्यांची स्वामी विवेकानंदांशी भेट झाली. अभिनेत्री सारा बर्नहार्ट यांच्यामुळे हा योग आला. प्राण आणि आकाश या वेदान्ती संकल्पनांनी टेस्ला प्रभावित झाले. बल आणि द्रव्य ही दोन्ही एकाच ऊर्जेची रूपे आहेत हे गणिताने सिद्ध करता येईल, अशी आशा निर्माण झाली आणि विवेकानंदांनी पत्रात तसे लिहिलेही. ती सिद्धता टेस्ला यांच्याकडून आली नाही. द्रव्य आणि ऊर्जा यांचे नाते १९०५ मध्ये आइनस्टाइन यांनी वेगळ्या मार्गाने मांडले.

कोलोरॅडोतील कृत्रिम विजा

न्यूयॉर्कची जागा अपुरी पडू लागल्यावर मे १८९९ मध्ये टेस्ला कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे गेले. समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवरील या माळरानावर त्यांनी लाकडी प्रयोगशाळा उभारली. आतील मुख्य वेटोळ्याचा व्यास सुमारे १५ मीटर होता. वर उंच खांब आणि त्यावर धातूचा गोळा. जानेवारी १९०० पर्यंत चाललेल्या या प्रयोगांची रोजनिशी त्यांनी काटेकोरपणे ठेवली. बेलग्रेडच्या टेस्ला संग्रहालयाने ती १९७८ मध्ये प्रसिद्ध केली.

ही रोजनिशी वाचताना जाणवते, की त्यांचा बराचसा वेळ भव्य ठिणग्या उडवण्यात नव्हे, तर धारित्रे, वेटोळी आणि फिरता ठिणगी-स्विच यांची मोजमापे जुळवण्यात जात होता. उंचावरील विरळ हवेत ठिणगी कमी दाबालाच पडते. त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये चाललेली मापे येथे चालत नव्हती. चाकाचा वेग, दात्यांची संख्या, फटीचे अंतर हे सारे पुन्हा बसवावे लागे. अखेर त्यांनी खांबाच्या टोकावरून कित्येक मीटर लांबीच्या कृत्रिम विजा पाडल्या.

ठिणग्यांच्या जाळ्याखाली शांतपणे वाचत बसलेले टेस्ला हे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. ते मात्र एकाच काचेवर दोनदा चित्रण करून तयार केलेले आहे. ठिणग्या आणि माणूस एकाच वेळी तेथे नव्हते. त्या जाळ्याखाली बसणे जिवावर बेतले असते. प्रसिद्धीचा हा सोस त्यांच्या कीर्तीला उपयोगी पडला, पण काटेकोर संशोधक म्हणून त्यांच्या प्रतिमेला त्याने धक्काही लावला.

वॉर्डनक्लिफचा मनोरा

न्यूयॉर्कला परतल्यावर टेस्ला यांनी आयुष्यातील सर्वांत मोठा डाव मांडला. संपूर्ण पृथ्वीलाच वाहक मानून तिच्यातून संदेश आणि पुढे वीजही बिनतारी पाठवायची, ही ती योजना. सावकार जे. पी. मॉर्गन यांनी दीड लाख डॉलर दिले. लाँग आयलंडवरील वॉर्डनक्लिफ येथे १९०१ पासून विटांची प्रयोगशाळा आणि सुमारे ५७ मीटर उंचीचा मनोरा उभा राहू लागला.

डिसेंबर १९०१ मध्ये गुलिएल्मो मार्कोनी यांनी अटलांटिक महासागरापार बिनतारी संकेत पोचल्याचे जाहीर केले. त्यांचीही यंत्रणा ठिणगीचीच होती, परंतु तुलनेने कमी खर्चाची. मॉर्गन यांनी आणखी पैसा देण्यास नकार दिला. टेस्ला यांनी पत्रांमागून पत्रे लिहिली, योजना अधिकाधिक भव्य शब्दांत मांडली. पण हाती काही लागले नाही. काही वर्षांतच काम थांबले. हॉटेलच्या थकलेल्या बिलापोटी जागा हातची गेली आणि १९१७ मध्ये मनोरा पाडला गेला.

या अपयशाचे खापर केवळ मॉर्गन यांच्यावर फोडणे योग्य ठरणार नाही. पृथ्वीतून वीज दूरवर पाठवताना होणाऱ्या हानीचा टेस्ला यांचा अंदाज चुकीचा होता, हे पुढील विज्ञानाने दाखवून दिले. शिवाय ठिणगीतून निघणारी लहर क्षणात क्षीण होणारी असते आणि ती आजूबाजूच्या संदेशांतही मिसळते. निर्वात नळीतून अखंड लहरी मिळू लागल्यावर १९२०च्या दशकात ठिणगीचे प्रेषक मागे पडले. ज्या ठिणगीला वेसण घालण्यात त्यांनी आयुष्य वेचले, तिचा रेडिओतील काळ त्यांच्या डोळ्यांदेखत संपला.

अखेरची वर्षे

१९१७ मध्ये अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना एडिसन पदक दिले. ज्यांच्याशी उभे वैर सांगितले जाते त्यांच्याच नावाचा हा सन्मान होता. त्यानंतरचे आयुष्य न्यूयॉर्कच्या हॉटेलांत गेले. ते अविवाहित होते. बिले थकत, खोल्या बदलत. कबुतरांना दाणे घालणे आणि जखमी कबुतरांची शुश्रूषा करणे, हा त्यांचा नित्यक्रम झाला. १९३४ पासून वेस्टिंगहाउस कंपनीने त्यांना दरमहा मानधन सुरू केले. वाढदिवसाला पत्रकारांना बोलावून ते नवनव्या शोधांच्या घोषणा करीत. त्यांपैकी बहुतेक कागदावरही आले नाहीत.

७ जानेवारी १९४३ रोजी हॉटेल न्यूयॉर्करच्या ३३२७ क्रमांकाच्या खोलीत, वयाच्या ८६व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. युद्धाचे दिवस होते. मृत्युकिरणाच्या वार्तांमुळे सरकारने त्यांची कागदपत्रे ताब्यात घेतली आणि ती तपासण्यासाठी प्राध्यापक जॉन ट्रम्प यांना पाचारण केले. हे गृहस्थ स्वतः उच्च दाबाच्या विजेचे आणि निरोधनाचे जाणकार होते. शत्रूच्या हाती पडल्यास धोका होईल असे काही त्यांना त्या कागदांत आढळले नाही.

त्याच वर्षी जून महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्कोनी यांच्या एका रेडिओ पेटंटमधील महत्त्वाचे दावे रद्द ठरवले आणि त्या संदर्भात टेस्ला यांच्यासह पूर्वसूरींच्या कामाचा दाखला दिला. रेडिओचे सारे श्रेय टेस्ला यांना मिळाले, असा त्याचा अर्थ नव्हे. आधीच्या कामाची नोंद अखेर कायद्याच्या कागदावर आली, इतकेच. पण तीही त्यांच्या मृत्यूनंतर. १९५७ मध्ये त्यांच्या अस्थी बेलग्रेडला नेण्यात आल्या. १९६० मध्ये चुंबकीय क्षेत्राच्या एककाला त्यांचे नाव देण्यात आले.

स्विच मात्र टिकला

रेडिओतून ठिणगी गेली, तरी स्पंदशक्तीत ती राहिली. १९२४ मध्ये जर्मन अभियंता एर्विन मार्क्स यांनी अनेक धारित्रे समांतर जोडून भरायची आणि ठिणगी-स्विचांच्या साखळीने क्षणात एकापुढे एक जोडून रिकामी करायची, अशी रचना सुचवली. प्रत्येकी १ लाख व्होल्टची १० धारित्रे अशा प्रकारे जवळजवळ १० लाख व्होल्टचे स्पंद देतात. दुसऱ्या महायुद्धात रडारला ठरलेल्या क्षणीच चालणारे स्विच हवे होते. तेव्हा ब्रिटनमध्ये ट्रिगाट्रॉन आला. त्यात मुख्य फटीच्या एका अग्रात लहानशी सळई बसवलेली असते आणि तिची छोटी ठिणगी मोठ्या ठिणगीला चेतवते. अमेरिकेत हायड्रोजन थायराट्रॉन विकसित झाला. हायड्रोजन हलका असल्याने स्पंद संपताच आयन लवकर विरतात आणि स्विच पुन्हा चटकन मिटतो. टेस्ला जे हवेच्या झोताने साधू पाहत होते, तेच येथे वायूच्या निवडीने साधले.

भारतातही हे तंत्र रुजले. १८ मे १९७४ रोजी पोखरण येथे झालेल्या पहिल्या अणुचाचणीत भोवतालची स्फोटके एकाच क्षणी चेतवणे अत्यावश्यक होते. त्यासाठी वायुनळीचे वेगवान स्विच भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार झाले, तर स्फोट घडवण्याच्या यंत्रणेत पुण्याच्या संरक्षण प्रयोगशाळेचे वामन दत्तात्रेय पटवर्धन यांचा मोलाचा वाटा होता. मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या काली या इलेक्ट्रॉन त्वरकातही मार्क्स यांच्या रचनेचाच आधार आहे. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेच्या झेड यंत्रात वायूने भरलेले ३६ स्विच लेसर किरणाने चेतवले जातात आणि २ कोटी अँपिअरहून अधिक प्रवाह क्षणभर वाहतो.

हे केवळ शस्त्रांचे किंवा महाकाय यंत्रांचे तंत्र नाही. १९८० मध्ये म्युनिक येथे शस्त्रक्रियेविना मूतखडा फोडण्याचा पहिला उपचार झाला, तेव्हा पाण्याखाली पाडलेल्या ठिणगीच्या आघातलहरीनेच तो फोडला होता. टेलिफोनच्या तारांवर वीज कोसळली तर यंत्रे वाचावीत म्हणून बसवलेली वायुनळी आणि मोटारसायकलचा स्पार्क प्लग हेही याच घराण्यातले.

सुधारणेचे काम संपलेले नाही. स्विचमध्ये सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू भरला, तर तो हवेच्या अडीच ते तीनपट दाब सोसतो. परंतु तापमानवाढीच्या बाबतीत तो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडपेक्षा २३ हजार पटींहून अधिक घातक आहे. त्यामुळे कोरडी हवा, नायट्रोजन आणि अन्य वायूंची मिश्रणे तपासली जात आहेत. अग्रांसाठी टंगस्टन आणि तांब्याचे मिश्रण, ग्रॅफाइट असे पर्याय वापरले जातात. वायूचा दाब वाढवणे, तो फटीतून वेगाने वाहवणे, एका ठिणगीऐवजी अनेक ठिणग्यांत प्रवाह विभागणे, हे आजचे उपाय आहेत. त्यांतील कित्येकांचे मूळ १८९३च्या व्याख्यानांत सापडते.

टेस्ला यांचा मनोरा उरला नाही, बिनतारी वीज पोचवण्याचे स्वप्न त्यांनी पाहिले तसे साकारले नाही आणि अखेरच्या घोषणा हवेत विरल्या. उरली ती दोन शांत कामे. नाचणगावसारख्या गावांतील विहिरीवर ठिणगीविना फिरणारी मोटार हे त्यांतील पहिले. दुसरे, योग्य क्षणी पेटून योग्य क्षणी विझणारी ठिणगी. मांजराच्या पाठीवर ती पाहून कुतूहलाने थबकलेल्या मुलाने तिला आयुष्यभर सोडले नाही. मृगाच्या पहिल्या पावसात शिवारावर वीज कडाडते, तेव्हा तिला कोणी वेसण घालू शकत नाही. माणसाच्या मुठीत मावेल एवढ्या फटीत मात्र ती आज सांगितलेल्या क्षणी येते आणि सांगितलेल्या क्षणी जाते. त्या शिस्तीचे पहिले धडे टेस्ला यांनी गिरवले होते.